वायरीची तिसरी कडी

४ फेब्रुवारी
एक गंभीर गाऱ्हाणं नोंदवून ठेवते. बशीत चहा सांडत नाही! इतकी वर्षं हाताच्या कंपाने अर्धा कप बशीत उतरायचा, आपोआप निवायचा, मी आरामात प्यायचे. आता हात दगडासारखा स्थिर. चहा कपातच, उकळता. तोंड पोळलं. दाद कुणाकडे मागायची?
नवऱ्याकडे मागितली. "काय म्हणालीस?"
पुन्हा सांगितलं. "काय म्हणालीस?"
कंपवातासाठी मेंदूचं ऑपरेशन झालं, करंट सुरू केला, तेव्हापासून हे असं. तोंडात ओला बोळा कोंबल्यासारखी जीभ!

७ फेब्रुवारी
मेंदूवाल्या डॉक्टरांकडे. माझ्या डोक्यात वायर, वायरीला चार कड्या, छातीत बॅटरी. कड्या मेंदूचे सिग्नलही ऐकतात. आजाराची लहर उसळली की यंत्र करंट वाढवतं, शमली की कमी करतं. सिग्नल सगळ्यात ठळक दुसऱ्या कडीपाशी मिळतो, म्हणून करंटही दुसरीतूनच.
म्हटलं, बोलता येत नाहीये. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "सिग्नल अप्रतिम!"
"पण मी —"
"वा! सपाट रेषा!"
डॉक्टरसाहेब, सपाट रेषा मेल्यावरही येते — हे म्हणायचं होतं. तोंडातून नुसता चिखल आला. त्यांनी हसून मान डोलावली. आभार मानतेय असं वाटलं त्यांना!

८ फेब्रुवारी
संताप. नुसता संताप.

१० फेब्रुवारी
माझं पोट टोमण्यांवर. लिहिते, आणि स्टेजवर उभी राहून वाचते. एकवीसला वाचन आहे. अक्षर तर शाळकरी मुलीसारखं सुरेख आलंय — वाचणार कोण? नवरा म्हणतो, "अगं, हात थांबला ना? आणखी काय हवंय?" जीभ हवीय, जीभ! माझ्या धंद्यात हाताला कोण विचारतं?
घरात सामसूम. हा जेवताना ताटाकडे बघत बसतो. शांतता मानवलेली दिसते!
ऑपरेशन आठवलं. मला जागीच ठेवलं होतं. मेंदूचा आवाज स्पीकरवर — पत्र्यावर वाळू पडावी तसा. "बोलत राहा," म्हणाले, म्हणून विनोद सुरू केला. एकाची बायको अचानक बोलेनाशी झाली. तो महिन्याने डॉक्टरकडे गेला. डॉक्टर भडकले, "महिनाभर काय करत होतात?" — इतक्यात मेंदूवाले खेकसले, "गप्प! सिग्नल ऐकू द्या!" उशाशी बसलेले भूल देणारे डॉक्टर कानाशी कुजबुजले, "मग? पुढे?"
म्हटलं, "उधार."
तेव्हा जीभ होती.

१२ फेब्रुवारी
मेंदूवाल्यांना फोन केला. फोनवर स्क्रीन नसते, ऐकावंच लागेल! नंबर माझ्याच हाताने दाबला, त्याचं कौतुक आहेच. "डॉक्टर, मी तुमची पेशंट —"
"कोण? नीट बोला. भरदुपारी प्यायलात का?"
आणि आपटला फोन!
नवरा शेजारीच ऐकत होता. लाल झाला. आयुष्यात कधी वेटरवरही न ओरडलेला माणूस!

१४ फेब्रुवारी
पुन्हा मेंदूवाल्यांकडे. नवऱ्याने खुर्ची ओढली आणि स्क्रीन झाकून मधोमध बसला. "परवा भरदुपारी प्यायलेली बाई ती हीच. आता हिच्याकडे बघा."
डॉक्टरांचा चेहरा! रेषेहून सपाट.
मग चाचरत म्हणाले, "तिसऱ्या कडीतून देऊन बघता येईल. पण तिथे सिग्नल अंधूक आहे, यंत्राला नीट अंदाज येणार नाही. हात थोडा थरथरेल."
मान हलवली. जोरात. थरथरू दे!
करंट तिसरीत. थोडा वेळ गेला. तोंडातला बोळा विरघळल्यासारखा वाटला. "डॉक्टरसाहेब, सपाट रेषा मेल्यावरही येते!"
शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ. नवऱ्याने "अगं!" म्हणून कपाळाला हात लावला.

१५ फेब्रुवारी
बशीत चहा. अक्षर कोंबडीच्या पायाचं.
नवऱ्याला घेऊन हॉस्पिटलात गेले, भूल देणाऱ्यांना जिन्यात गाठलं आणि उधारी चुकती केली — "तो नवरा म्हणाला, वाटलं आता आपली पाळी आली, पण महिनाभर बोलायला काही सुचेचना!"
ते कठड्याला धरून हसले. नवरा हसला नाही. खाली उतरताना माझा थरथरता हात धरून म्हणाला, "खरंच सुचत नव्हतं गं."