फुग्याच्या बाह्यांचं पुस्तक

सोलापूर, रविवार

प्रिय अकबरी,

तू म्हणशील, परवाच तर तासभर फोनवर बोललो, मग हिला पत्राची हुक्की कुठून आली? फोनवर एक गोष्ट बोलायची राहिली, जीभच रेटली नाही, म्हणून लिहितेय. पण आधी खरेदी सांगते.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपासून आतापर्यंत एकवीस पुस्तकं आणि नऊ जुने सिनेमे घरात आले. सिनेमे म्हणजे त्या चकत्या गं, आता कुणी फुकटसुद्धा नेत नाही त्या. मृत्युंजय पुण्याहून आला की डोक्याला हात लावतो. आई, सगळं मोबाइलवर मिळतं, म्हणतो. मिळू दे की. जेवण हॉटेलातही मिळतं, म्हणून मी गॅस बंद केला का? त्यानं भंगारात काढलेला प्लेअर मी परत आणून पुसून ठेवलाय. चालतो बिचारा, फक्त झाकण टाचणीनं उघडावं लागतं.

त्या नऊ चकत्यांत आपला सिनेमा आहे! नायिका शिवणयंत्र चालवत गाणं म्हणते तो. कॉलेज बुडवून तीनदा बघितला आपण, आणि तू अंधारात तिकिटाच्या पाठीवर तिच्या ब्लाउजची फुग्याची बाही काढून घेत होतीस. शेजारची बाई मुसमुसून रडतेय आणि तू मला विचारतेस, चुण्या किती आहेत गं? पुढं तू शिवलेल्या त्या बाहीत माझा हात वर होईना. तरी लई मिरवली मी ती, वर्षभर. मागच्या आठवड्यात सिनेमा लावला आणि एकटीच हसत बसले. चुण्या पाच आहेत, अकबरी. तू चारच घेतल्या होत्यास.

पुस्तकांची माझी रीत तुला ठाऊक आहे. घरी आणलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तारीख, आणि का घेतलं त्याची एक ओळ. त्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही.

तर गेल्या मंगळवारी बडेसाबच्या गाड्यावर गेले होते. रद्दीतनं पुस्तकं निवडून विकतो तो. त्याच्याकडं कुठल्याशा बंद पडलेल्या शिवणवर्गाचा गठ्ठा आलाय. त्यात एक जुनं पुस्तक दिसलं, मागं घडी घातलेले कागदी नमुने, आणि त्यांत आपली बाही, अगदी पाच चुण्यांची. मी हरखूनच गेले. बडेसाब हळूच म्हणाला, "बाई, ये तो आप लेको गये की. दो बार."

मी अशी भडकले त्याच्यावर! माझी पुस्तकं मला शिकवतोस का, म्हणाले. चार माणसांत बोलले. त्यानं खाली मान घालून पुस्तक कागदात बांधून दिलं.

घरी आले, पेन्सिलीनं ओळ लिहिली, कपाट उघडलं. तिथं शेजारी शेजारी दोन होती. तीच. दोन्हींच्या शेवटच्या पानावर माझंच अक्षर, एक फेब्रुवारीतलं, एक मार्चमधलं. आणि ओळ तिन्हींत एकच: अकबरीला दाखवायचं.

एकच पुस्तक दोनदा घेणं आम्हा गोळा करणाऱ्यांना नवं नाही. घरी आल्यावर आठवतं, आपण कपाळावर हात मारतो आणि जास्तीची प्रत कुणाला तरी देऊन टाकतो. या वेळी आठवलंच नाही. अजून आठवत नाही. मी फार घाबरले गं. डॉक्टरांकडं एकटीच जाऊन आले. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे म्हणाले, गोळ्या दिल्यात. मृत्युंजयला सांगितलेलं नाही. सांगितलं की तो मला पुण्याला नेणार आणि कपाटं रिकामी करणार. त्याचं तरी काय चुकतं? त्याला पानावरची एक ओळ दिसेल, तिच्यामागचं सगळं माझ्या डोक्यात आहे, आणि डोक्याचा आता भरवसा नाही.

म्हणून लिहितेय. बेळगावहून निघ आणि आठवडाभर राहायला ये. मी एकेक पुस्तक हातात घेऊन सांगेन, तू लिहून घे. मृत्युंजयला दोघी मिळून सांगू. बडेसाबची माफी मागायला जाताना पण तू बरोबर हवीस. तिन्हींतलं एक पुस्तक तुझं, बाही आता नीट शीव. आणि हेच पत्र तुला आधीही आलेलं असेल, तर मला फोन करून सांगत बसू नकोस. सरळ गाडीत बस.

तुझीच,
भुवनेश्वरी