मदत नको म्हणणारी माणसं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानातून लिहितोय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, कारण बाबा फोनच्या शेजारच्या खुर्चीतच बसलेले असतात. त्यांना बाकी काही आठवो न आठवो, कान मात्र शाबूत आहेत.

आधी तुझं अभिनंदन. तुझ्या संशोधनाचा आणखी एकदा दाखला दिला गेला, तुमच्या भाषेत सायटेशन झालं. बाबांसाठी रोज अर्धा दिवस मदतनीस मिळावी म्हणून मी ज्येष्ठ सेवा कार्यालयात अर्ज केला होता. त्यांचा निरीक्षक घरी येऊन सगळं पाहूनही गेला. काल नामंजुरीचा कागद आला. त्यात लिहिलंय की घरच्या माणसाला स्वतः सांभाळणाऱ्या नातलगांना बाहेरची मदत नको असते, असं संशोधनातून सिद्ध झालेलं आहे. खाली बारीक अक्षरात संदर्भ तुझ्या पेपरचा. तुझं नाव, साल, पान, सगळं व्यवस्थित. मी जाब विचारायला गेलो तर तिथल्या कारकुनाने आडनाव पाहून नात्यातल्या का, असं विचारलं. सख्खी बहीण, असं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला की मग तर तुम्हाला हे सगळं माहीतच असेल. आता त्याला काय सांगू, कपाळ?

बाबांचं म्हणशील तर जन्मभर मुलांना भूगोल शिकवलेला हा माणूस आता कोपऱ्यावरून घरी येताना चुकतो. मागच्या आठवड्यात बस डेपोत एका रिकाम्या बसमध्ये शांतपणे बसलेले सापडले. बस का सुटत नाही, म्हणून मलाच रागावले. त्यांच्यामुळे मी दुकान उशिरा उघडतो आणि दुपारीच बंद करतो. अर्धं लक्ष घराकडे असतं. परवा एका बाईंच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवून दिली. त्या बिचाऱ्या दोन दिवस भिंतीला धरून चालत होत्या. चौकातल्या मोठ्या चष्मेवाल्यांनी माझा गाळा मागितलाय. मार्चअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मदतनीस मिळाली नाही तर हो म्हणण्याशिवाय गत्यंतर नाही. वीस वर्षांचं दुकान आहे ताई, आणि मला दुसरं काही येत नाही.

तेव्हा तुझ्या संशोधनाचं काय ते बघ. माझा लोभ सध्या नामंजूर समजावा.

तुझा,
गुंड्या

११ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी विभागातच डोकं धरून बसले. आमच्या शिपाईमामांना वाटलं घरी काही वाईट झालं. म्हटलं, झालंच आहे.

अरे, मी असं कुठेही लिहिलेलं नाही! आम्ही कितीतरी घरं फिरलो होतो. आजारी माणूस शेजारी बसलेला असताना विचारलं तर नातलग सांगतात की मदत नको. त्याच माणसाला नंतर जिन्यात गाठून विचारलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून आजाऱ्यासमोर दिलेलं उत्तर धरू नका, एवढंच माझं म्हणणं होतं. सगळा पेपर त्यासाठी होता. पण एका जाडजूड पाठ्यपुस्तकाने माझं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडलं. त्या पुस्तकावरून इतरांनी उचललं, त्यांच्यावरून आणखी कोणी. आज दोन हजारांवर लोकांनी मला साक्षीला काढलंय, आणि बहुतेकांनी मी म्हटलं त्याच्या बरोबर उलट. सुरुवातीला मी चिडून एकेकाला पत्रं पाठवायचे. एका थोर गृहस्थांनी उत्तर दिलं की आपल्या कार्यामुळे आम्हाला फार प्रेरणा मिळाली. तेव्हा मी हात टेकले.

आता मजा ऐक. पुढच्या महिन्यात माझ्या प्राध्यापकपदासाठी समिती बसतेय. माझ्या फायलीत पहिल्याच पानावर ठळक अक्षरात हाच पेपर आणि हाच आकडा आहे. खुलासा छापावा म्हणून मी विभागप्रमुखांकडे गेले, तर ते दचकले. त्यांच्या मते आकडा हा आकडा असतो, तो कशाने वाढला हे समिती विचारत नाही, आणि इतकी वर्षं गप्प बसले तशी आणखी एक महिना बसायला माझं काय जातंय. काय जातंय ते त्यांना काय सांगणार? तुझं दुकान जातंय.

मी खुलासा पाठवतेय. पण एक खरं खरं सांग. तो निरीक्षक आला तेव्हा तू त्याला नक्की काय बोललास?

चिडचिड तुझ्यावर नाही, हे लक्षात ठेवून लोभ पुन्हा मंजूर करावा.

तुझी,
ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारायचं नव्हतंस, पण विचारलंस.

निरीक्षक आला तेव्हा पाहुणा आला म्हणून बाबा खूष होते. इस्त्रीचा शर्ट काढून घातला, बटणं एक घर चुकवून. तो माणूस त्यांच्याच शेजारी बसला आणि माझ्याकडे वळून विचारू लागला की यांचं करताना तुमची फार ओढाताण होते का. बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते. मी म्हटलं, छे हो, कसली ओढाताण, वडीलच तर आहेत. त्याने लिहून घेतलं आणि गेला. आता तूच सांग, त्यांच्या तोंडावर मी काय बोलायला हवं होतं?

आणि मला बोलण्याआधी स्वतःकडे बघ. दर रविवारी तुझा फोन येतो. सगळं ठीक ना, असं तू विचारतेस. ठीक, असं मी म्हणतो. तू लगेच मानतेस आणि तुझ्या विभागाचं सांगायला लागतेस. बाबा कुठे बसलेत, हे तू आजवर एकदाही विचारलं नाहीस. दुनियेने तुझा पेपर वाचला नाही म्हणून रडतेस, पण तू तरी कुठे वाचलायस?

मीही वाचला नव्हता, ते कबूल. तू पाठवलास तेव्हा वर तुझं नाव बघून ऊर भरून आला आणि कपाटावर ठेवून दिला. काल काढला. दोन पानांत झोप लागली. आता जेवणाच्या टेबलावर पडलाय, बाबा चाळत असतात.

कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाल. सगळं घालू नकोस, थोडं लक्षातही ठेव.

तुझा,
गुंड्या

१६ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

रविवारचं लिहिलंस ते लागलं. लागायलाच हवं होतं. तेव्हापासून फोन उचलताना मला माझीच लाज वाटते.

इकडची हकीकत ऐकून तुला हसू येईल, मला येत नाही. पेपर छापणाऱ्या मासिकाने माझा खुलासा ताबडतोब त्यांच्या संकेतस्थळावर टाकला. त्याची प्रत मी ज्येष्ठ सेवा कार्यालयाला पाठवली. त्यांनी आभार मानले आणि तुझा अर्ज पुन्हा नामंजूर केला. मलाही प्रत आली. कागद नीट बघ, त्याच वाक्यापुढे आता माझे दोन संदर्भ आहेत. जुना पेपर आणि त्याचा खुलासा! माझ्याच म्हणण्याला मी दोनदा दुजोरा दिलाय.

समितीचाही निकाल लागला. माझी बढती पुढे ढकलली. कारण असं दिलंय की अर्जदाराच्या मुख्य निष्कर्षाबद्दल अलीकडच्या लेखनात मतभेद दिसतात. हे अलीकडचं लेखन म्हणजे कोण, तर मीच! विभागप्रमुख चहा घेऊन सांत्वनाला आले आणि मी सांगितलं होतं, हे तीनदा म्हणून गेले. मी घरी येऊन खूप रडले. एवढी वर्षं घासल्यावर मला ते पद हवं होतं रे. अगदी हवं होतं.

मग चिडून तुझ्या कार्यालयाच्या मुख्य बाईंना रोज फोन लावला. शेवटी मी लेखिका म्हणून नाही, तर डोक्याला ताप म्हणून त्यांनी पुन्हा निरीक्षक पाठवायचं कबूल केलं. चोवीस तारखेला येईल. त्या वेळी बाबांना शेजारी पाठव आणि तोंड उघड. हे आर्जव नाही, हुकूम आहे.

हुकमासोबत माया आहे, तीही पोचती कर.

तुझी,
ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हुकूम पाळता आला नाही. बाबा शेजारी जायला तयारच होईनात. निरीक्षक येऊन बसला, आणि मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले. हा माझ्यासमोर खरं सांगणार नाही, माझ्या मुलीने तसं सगळं लिहून ठेवलंय, तेव्हा मी आत बसतो, असं म्हणून ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आतून दार लावून घेतलं. मला वाटत होतं ते तुझ्या पेपरची नुसती पानं उलटतात.

निरीक्षकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी सांगायला लागलो आणि ताई, मला थांबताच येईना. डेपो, उघडा राहिलेला गॅस, न्हाणीघर, ती चुकीची काच, सगळं. त्या माणसाने लिहायचं सोडून रुमाल पुढे केला.

सोमवारपासून एक बाई येणार आहेत, सकाळी नऊ ते दोन. गाळ्याचं मी नाही म्हणून कळवून टाकलं. दार उघडलं तेव्हा बाबांनी विचारलं, कोण आलं होतं.

सोबत त्यांचं पत्र आहे. आज सकाळी स्वतः बसून लिहिलं आणि स्वतः पाकीट चिकटवलं. मला वाचू दिलं नाही.

तुझा,
गुंड्या

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पेपर वाचला. मी विसरतो, म्हणून रोज सकाळी नव्याने वाचतो. असा वाचक तुला दुसरा मिळाला नसेल. भाषा फार रुक्ष आहे. एकेक वाक्य अर्धं अर्धं पान चालतं. माझ्या वर्गात असतीस तर पुन्हा लिहून आणायला लावलं असतं.

तुम्हा दोघांचा मला वीट आला आहे. तो माझ्यासमोर खोटं हसतो, तू फोनवर खोटं ऐकतेस, आणि मला काही कळत नाही असं दोघंही धरून चालता. पुष्कळ कळत नाही, हे खरं. पण मुलगा दमला आहे हे कळायला काल काय झालं ते आठवावं लागत नाही. तो समोर दिसतो.

तुझी बढती राहिली असं त्याने सांगितलं. मी उशाशी लिहून ठेवलं आहे, त्यामुळे मला रोज नव्याने वाईट वाटतं.

आता तुझ्या पेपरातली चूक. नातलगांना तू आजाऱ्यासमोर विचारलंस, मग जिन्यात गाठून विचारलंस. आजाऱ्याला वेगळं बसवून विचारलेलं कुठेच नाही. मी सगळी पानं पाहिली. मला विचारलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की मदत हवी आहे. त्याला दुकानात जाऊ द्या, आणि मला अंघोळ घालायला कोणी परकं माणूस आणा, म्हणजे मला मुलासमोर मान खाली घालावी लागणार नाही. पण तो निरीक्षकही मला फक्त नमस्कार करून गेला, असं गुंड्या सांगतो.

तेव्हा तू ये. त्याला दुकानात पाठव, माझ्यासमोर बस आणि मला विचार. सकाळी ये, सकाळी मी बरा असतो. आणि लवकर ये.

तुझे,
बाबा