हिप्पासाची पाठ

बालीगंज, कलकत्ता
१६ जानेवारी १९७३

प्रिय हेमा,

पत्र पोचलं. सातवा लागला आणि पाय सुजत नाहीत, हे वाचून बरं वाटलं. बाकीच्या मजकुराचं उत्तर शेवटी देते. आधी आमच्या मागच्या हिरवळीवरची गंमत ऐक.

सकाळी दव पडलं की गवतावर रुमाल वाळत घातल्यासारखी जाळी दिसतात. प्रत्येकाच्या टोकाला नरसाळं, आणि आत दबा धरून बसलेली कोळीण. तुझे बाबा म्हणतात, ही हिप्पासा, लांडगा कोळ्यांपैकी. बाकीचे लांडगा कोळी बहुतेक भटकून शिकार करतात, हिनं मात्र घर केलंय. म्हणून सूत काढायचे तिचे मागचे अवयव लांब, दोन शेपट्यांसारखे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर कोळी दिसला की झगा सावरून बाकावर चढायच्या. मी या वयात बाबांचं भिंग घेऊन गवतात पालथी पडते. शेजारच्या मिसेस मित्र कुंपणावरून विचारतात, दीदी, काय हरवलं? डोळे मोजतेय, असं कसं सांगू? आठ आहेत गं. खाली चार बारीक, वर दोन मोठे, त्यांच्याही वर दोन.

अंड्यांची पांढरी पिशवी ती मागे चिकटवून हिंडते. पिल्लं बाहेर आली की सगळी तिच्या पाठीवर; तिचा तपकिरी रंगच दिसेनासा होतो. काल बाबांनी दुसऱ्या कोळिणीची दोन-चार पिल्लं ब्रशनं उचलून हिच्यापाशी सोडली. पाय धरून सरसर वर चढली. ही जागची हलली नाही. मी म्हटलं, अहो, आठ डोळे असून हिला कळत नाही? बाबा म्हणाले, कळत नाही कशावरून?

तेव्हापासून तू डोळ्यांसमोर आहेस. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी लग्न होऊन या घरात आले. तू सहा वर्षांची. मला काकू म्हणालीस. बाबा रागावले, मीच म्हटलं, असू दे. पण गोवर झाला तेव्हा माझ्या पाठीवरून उतरायला तयार नव्हतीस. तशीच तुला घेऊन मी पोळ्या लाटल्या.

तू लिहिलंस, आईच नाही तर माहेर कसलं, बाळंतपण इथेच नागपूरला उरकीन. आई नाही, खरंच. तिच्या फोटोची काच मी रोज पुसते. पण डिंक आणून ठेवलाय, जुन्या मऊ पातळांची दुपटी शिवलीत, तुझी खोली झाडून घेतलीय. बाबा हावड्याला उतरवून घ्यायला येतील. तू ये. हाक काकू म्हणूनच मार.

तुझीच,
काकू