हलतो तो जपान

गुरुजी, तुम्ही गेल्याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. पण नात कागोशिमाला गेल्यापासून रोज तुमच्याशी भांडतो. जपानच्या पार खालच्या टोकाचं हे शहर तुम्हीच आम्हाला नकाशावर फुटपट्टीनं दाखवलं होतं. समोर खाडी, खाडीत धुमसणारा डोंगर, आणि त्याच्या पुढ्यात लोक संसार करतात, असं म्हणाला होतात. आम्ही पोरं हसलो होतो. आता तिथं ती म्हाताऱ्यांची सेवा करते, आणि मी इकडं कराडात फोन उशाशी घेऊन बसतो.

ती सांगते, साखर कारखान्याच्या हंगामात आपल्या दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते, तशी तिथं राख पडते. लोक ती पिशव्यांत भरून ठेवतात, पालिका घेऊन जाते. त्या जमिनीत भात धड येत नाही म्हणून रताळी लावतात. पूर्वी तिथं पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याचं राज्य होतं. परदेशी जायला बंदी असताना त्यांनी पोरं गुपचूप बोटीनं विलायतेला शिकायला धाडली. मला त्यात रस नसतो. डोंगर आज गरजला का, एवढंच विचारतो. "आवं आबा, त्यो रोजच गरजतोय," म्हणते आणि हसते.

परवा तिनं एका दगडाचं सांगितलं. तो डोंगर पूर्वी बेट होता. मोठा स्फोट व्हायच्या आधी जमीन हलायला लागली, विहिरी तापल्या. गावच्या मुख्यानं शहरातल्या वेधशाळेला विचारलं. भीती नाही, असं उत्तर आलं. ज्यांनी ते मानलं ते मागं राहिले, आणि शेवटी जीव वाचवायला पाण्यात उतरले, त्यातले काही बुडाले. लाव्ह्यानं ते बेट जमिनीला जोडून टाकलं. मग लोकांनी दगड उभा केला, की शहाण्यांच्या सांगण्यावर विसंबू नका, डोंगर बिघडला की निघा.

आमच्या वाडीत असा दगड कुणी रोवला नाही, गुरुजी.

मी तुमच्या शाळेत शिकतोय तेव्हाची गोष्ट, कोयनेचं खोरं हलतंय. धरण भरल्यापासून फळीवरची भांडी वाजतात. सगळी वाडी खळ्यावर गवताच्या खोपीत झोपते, आईही आम्हाला घेऊन तिथंच. थंडी वाढते, धाकटी खोकते, आणि तुम्ही दारोदार फिरता. "बाई, हे दख्खनचं पठार आहे, अखंड काळा दगड. हलतो तो जपान," असं आईला सांगता. आई म्हणते, "गुरुजी म्हणत्यात म्हंजे खरंच आसंल," आणि वळकटी उचलून घरात नेते. तुमचा शब्द म्हणजे देवाचा कौल. त्याच थंडीत मोठा भूकंप झाला, घराची मागची भिंत आईवर आली आणि ती गेली. तुम्ही आलात, मान खाली घालून उभे राहिलात, आणि निघून गेलात. मी पुन्हा शाळेत आलो नाही. तुम्ही बोलवायलाही आला नाहीत.

आता नातीचा नोकरीचा करार संपत आलाय. काल तिनं विचारलं, "आबा, आजून ऱ्हाऊ का हितं, का माघारी येऊ?" तिथले जाणकार म्हणतात डोंगराची काळजी नाही. मी उद्या सांगतो म्हणालो. बायको चिडली. "त्यात उद्या कशाला? कुणाला इचारायचंय तुमाला?"

मी फोन उशाशी ठेवला. तुम्हालाच विचारायचं होतं.