मेण लावलेली बरणी

॥ श्री ॥
सोलापूर, ता. १२ जून १९३३

रा. रा. चिंतामणी मास्तर यांस मुकुंदाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

एका बरणीचा खरा खर्च मांडून पाहिला: कैऱ्या शंभर, मेणबत्त्या डझनभर आणि सून एक. चि. अनसूया काल ट्रंकेसह नातेपुत्याच्या मोटारीतून एकटीच उतरली. बाजूला बसायच्या दिवसांत तिची सावली पडून लोणच्याला बुरशी आली, सबब वळण लागेपर्यंत तिला माहेरी ठेवावे, ही आपली चिठ्ठी वाचली.

पोर रडत नाही, याचीच धास्ती वाटते. तिची आई गेल्यापासून तिचे रडे मला ओळखू येते, गप्प बसणे येत नाही.

एक विचारतो, राग नसावा. पुड्या बांधता बांधता मिठामसाल्याचे दुकान काढलेला मी माणूस. फोडी धुतल्यावर पुसल्या होत्या की नाही?

लोभ मुरत असावा.
मुकुंद

॥ श्री ॥
नातेपुते, ता. १८ जून १९३३

रा. रा. मुकुंदराव यांस चिंतामणीचे अनेक नमस्कार.

आपला प्रश्न दुकानदारीचा आहे, माझी रीत शास्त्रीय. हवेतले जंतू हेच सर्वाचे मूळ, असे इंग्रजी पत्रकात स्पष्ट छापले आहे. म्हणून फोडी धुऊन ताज्या, ओल्याच भरल्या, तेल-मीठ निम्मे केले आणि बरणीचे तोंड वितळल्या मेणाने बंद केले. शाळेत यावर व्याख्यानही दिले. अशा बरणीत बुरशी येण्यास विटाळाखेरीज कारणच उरत नाही.

सौ. गोदावरीची जीभ आपणांस ठाऊक नाही. विटाळाचे बोट लागलेला पदार्थ ती नुसत्या चवीवर ओळखते. तिच्या माहेरी चार पिढ्या ही जीभ चुकलेली नाही. दिवाळीपर्यंत सुधारणा न दिसल्यास चि. गंगाधरासाठी दुसरे स्थळ पाहावे, असे ती म्हणू लागली आहे. गंगाधर मात्र तेव्हापासून पानात लोणचे घेत नाही.

स्नेह आहेच.
चिंतामणी

॥ श्री ॥
सोलापूर, ता. १५ जुलै १९३३

सा. न. वि. वि.

सोबत घरची बरणी पाठवतो. फोडी पुसून, पंचावर वाळवून घेतल्या. मीठ हात राखून नाही. करडईचे तेल कडकडीत तापवून, पुरते गार झाल्यावरच ओतले. ते फोडींच्या वर चांगले चार बोटे उभे आहे. तोंडाला साधा फडक्याचा दादरा बांधला आहे. मेणाने बाहेरचा वारा अडेल हो, आतल्या पाण्याला कोण अडवणार?

ओला चमचा तेवढा घालू नये. निकाल विहीणबाईंच्या जिभेवर सोपवतो.

आपला,
मुकुंद

॥ श्री ॥
नातेपुते, ता. ८ ऑगस्ट १९३३

रा. रा. मुकुंदराव यांस नमस्कार वि. वि.

काल श्रावणी सोमवारच्या पंगतीला आपली बरणी उघडली. शास्त्रीबुवांनी दोनदा मागून घेतले. सौ.ने फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि सर्वांदेखत सांगितले की, याला म्हणतात सोवळ्यातला हात. ही खूण लपत नाही.

आपल्या भगिनींनी लोणचे घातले असावे. त्या सुवासिनीचे नाव कळवावे, सौ.ला खणानारळाने ओटी पाठवायची आहे. अनसूयेने ते वळण उचलले असेल तर पहिल्या मोटारीने पाठवून द्यावे. दुसऱ्या स्थळाचा विषय मी बंद केला आहे.

माझी मेणाची रीत तूर्त पुढील प्रयोगासाठी राखून ठेवली आहे.

चिंतामणी

॥ श्री ॥
सोलापूर, ता. १४ ऑगस्ट १९३३

सा. न. वि. वि.

हे पत्र पोहोचेपर्यंत चि. अनसूया आपल्या उंबऱ्यात असेल. निघताना रडली. मला हायसे वाटले.

ओटी तिच्याच पदरात घालावी. भगिनी मला नाही. पत्र आपण एकट्यानेच वाचावे. पंगतीत कोण कोण जेवले ते आपल्याला ठाऊक, शास्त्रीबुवांना मी काही कळवलेले नाही आणि कळवायची इच्छाही नाही. लेक सुखात असली की माझी आठवण फार कच्ची असते.

दुकानाकडून वर्षाचे मीठ पाठवत जाईन. मायेला ओला चमचा लागू नये, एवढे पाहावे.

आपला,
मुकुंद

ता. क. आईविना घरात अनसूयेवाचून दुसरा हात नाही. कैऱ्या आल्या त्या सकाळी ती बाजूला बसते म्हणाली. मी म्हटले, बस, पण बरणीच्या बाजूला. सगळी बरणी तिने त्याच चार दिवसांत भरली.