एकशे त्रेसष्ट कणसं

गुरुवार, १० ऑक्टोबर २०२४

पुस्तिका छापून आली! चोवीस पानं. ॲरिझोनातली कॅन्यन डी शे दरी — भूगोल, इतिहास, कड्यांची उंची. नकाशा माझ्या हातचा. आमच्या मराठी मंडळाच्या सहलीला अठरा जण, त्यातले अकरा डॉक्टर किंवा पीएचडी. मी डिप्लोमावाला, कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. पण तिथल्या नॅव्हाहो आदिवासींच्या जमिनीबद्दल शिकागोजवळच्या आमच्या अख्ख्या शॉमबर्गमध्ये कुणाला काही विचारायचं असेल तर मलाच विचारतात. सगळं स्वतः वाचून शिकलो.

अध्यक्ष डॉ. श्रीरंग यांनी पुस्तिका चाळली आणि विचारलं, जेवणाचं कुठल्या पानावर आहे?

बायकोचं, नीलांबरीचं मत — छान झालीय, फक्त कुणी वाचणार नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दरीच्या तोंडाशी, चिनली गावात पोचलो. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, नॅव्हाहो भागात करतात. पान तीन, ठळक अक्षरांत. तरी डॉक्टरसाहेब जेवायला बरोब्बर एक तास उशिरा! वर मलाच म्हणाले, आधी सांगायचं ना यार.

रविवार, १३ ऑक्टोबर

आयुष्यातला मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

नॅव्हाहो गाईडशिवाय दरीत उतरता येत नाही. आमची गाईड लोरेन. साठीची, कमी बोलणारी. तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच दरीत मका लावतात, मेंढ्या राखतात. मी पुस्तिका दिली. तिने नकाशा बराच वेळ पाहिला आणि पुस्तिका दुमडून खिशात ठेवली. काही बोलली नाही. चूक सापडली नसणार.

दुपारी तिच्या घराण्याच्या जमिनीवर थांबलो. वर कपारीत जुन्या वस्तीच्या भिंती, खाली उतार. मावशीकडे औषध देऊन येते म्हणाली. जाताना सांगून गेली — वर चढू नका, आणि जमिनीवर जे आहे ते जमिनीवरच राहू द्या.

मंडळींनी ठेपले काढले. डॉ. श्रीरंग भिंतींकडे पाठ करून शेअर बाजारावर बोलत होते. आणि मला उतारावर दिसली कणसं! दाणे खाल्लेली, इतस्ततः टाकलेली. डोक्यात तिडीकच गेली. सिंहगडावर वीस वर्षं हेच उचललं आम्ही — लोक भाजलेलं कणीस खातात आणि उरलेलं तटावरून भिरकावतात. इथेही तेच! पर्यटक सगळीकडे सारखेच.

आम्ही काही वर चढलो नाही. आणि जमिनीवर राहू द्या म्हणजे दगड, खापऱ्या. कचऱ्याबद्दल ती कशाला बोलेल? बॅगेतून पिशवी काढली. सहा जण मदतीला आले. पाऊण तासात उतार चकाचक.

मोजदाद — बाटल्यांची झाकणं ९, वेफर्सची पाकिटं २, कणसं १६३. कणसं फार लहान. दहा मोजली, सरासरी सात सेंटिमीटर. इथे बेबी कॉर्न खातात असं दिसतं.

लोरेन यायच्या आत पिशवी गाडीत. केल्याचा गाजावाजा आपल्याला आवडत नाही. डॉ. श्रीरंग यांनी फोटो काढून मंडळाच्या पानावर टाकला.

सोमवार, १४ ऑक्टोबर

निघताना पिशवी मोटेलच्या कचरापेटीत टाकली, तोंड घट्ट बांधून.

विमानात कॅन्यनच्या ऑफिसला ईमेल लिहिली. सौम्य शब्दांत — इतका मोठा वारसा आणि इतका कचरा? सोबत तक्ता. जागा, वेळ, वस्तू, संख्या. गाईड बावन्न मिनिटं जागेवर नव्हती, हेही नोंदवलं. तक्रार म्हणून नाही. नोंद पूर्ण असावी.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पुढच्या अधिवेशनात 'वारसा' या विषयावर व्याख्यान माझं! एकमताने. डॉक्टरांची अकरा मतं धरून.

बुधवार, २३ ऑक्टोबर

ऑफिसचं उत्तर आलं, दोनच ओळी. कणसं आता कुठे आहेत?

दखल घेतली म्हणायची! पिशवी कुठे टाकली ते तत्परतेने कळवलं. पेटीचा रंगसुद्धा.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

संध्याकाळी लोरेनचा फोन. नंबर पुस्तिकेवरून मिळाला म्हणाली.

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कणसं सातशे वर्षांपूर्वीची. वरच्या वस्तीतल्या लोकांनी खाल्लेली. तेव्हाचा मका एवढाच असायचा. कोरड्या हवेत टिकून राहिला. तिच्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतं, त्या उतारावर पाय कुठे ठेवायचा. मोटेलवर ती स्वतः जाऊन आली. कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली होती.

तिचा परवाना थांबवलाय. पाहुण्यांना सोडून गेली, त्यांना ताकीद दिली नाही, म्हणून. पुरावा माझा तक्ता.

शेवटी म्हणाली, "एकशे त्रेसष्ट होती हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही कधी मोजली नाहीत."

मी सॉरी म्हटलं. तोवर फोन ठेवला होता.

तक्ता उघडला. सगळं आहे त्यात. तिने काय सांगितलं होतं, तेवढंच नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

डॉ. श्रीरंग घरी आले. फोटो काढून टाकलाय म्हणाले. आणि मी आता काही लिहायचं नाही. अशा वस्तू उचलणं इथे गुन्हा आहे, लिहिलंस तर मंडळाचं नाव जाईल, व्याख्यान तर गेलंच समज. "तिचं ती बघून घेईल. तुला वकील परवडणार आहे का?"

मला पटलं. खोटं कशाला लिहू? चहा पिताना अगदी पटलं होतं.

ते गेल्यावर नीलांबरीने कप उचलले. "अहो, ती म्हणाली तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्ही मान हलवली होती."

तक्त्यात असली नोंद कुणी करत नाही, म्हटलं. ती कप विसळत राहिली.

सोमवार, २८ ऑक्टोबर

कारखान्यात दिवसभर हातात एकच पार्ट. चार वेळा मोजला, चार वेळा वेगळा आला.

घरी येऊन ऑफिसला ईमेल केली. या वेळी तक्ता नाही. 'गाईडने स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. कणसं उचलायला सुरुवात मी केली, बाकीचे माझ्या मागून आले.' खाली पूर्ण नाव, पत्ता.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

व्याख्यान दुसऱ्याला दिलं. विषय — 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. एकमताने.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

ऑफिसचं पत्र आलं. लोरेनचा परवाना परत दिलाय. मला दंड, आणि दरीत कायमची बंदी. पत्र तीनदा वाचलं. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.