तिसरी टेस्ट ड्राईव्ह

रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा पनवेलच्या त्या शोरूममध्ये गेलो. तीच छोटी एसयूव्ही, तिसरी टेस्ट ड्राईव्ह. शेजारी तीच सेल्सची मुलगी, प्राजक्ता. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना तिनं विचारलं होतं, "घरी किती जण, काका?" मी पाच म्हणालो. बायको, सुमन, जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा कॅनडात. सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. पाच कुठून आणले मी?

खराब रस्त्यावर कशी चालते बघू म्हणून करंजाडेच्या पुढे कच्च्या रस्त्यावर घेतली. खड्डे जाणवत नव्हते. प्राजक्ता म्हणाली, "पुढच्या रविवारी सगळ्यांना आणा ना. मागे तिघं नीट बसतायत का बघू."

मी गाडी बाजूला थांबवली. म्हणालो, "घरी कुणी नाही. पाच वगैरे खोटं होतं. गाडीही घ्यायची नाहीये. तू बोलतेस म्हणून येतो."

रागावेल वाटलं. ती म्हणाली, "मागच्या वेळीच कळलं होतं, काका. एवढा वेळ आपण फिरलो, तुमचा फोन एकदाही वाजला नाही."

मी गाडी शोरूमकडे वळवली.

उतरताना ती म्हणाली, "बुधवारी गर्दी नसते. नुसते चहाला या. टेन्शन घेऊ नका."

हो म्हणालो. मनापासून बोलली पोरगी. पण जाऊन सांगू काय? आजवर दारातून आत शिरताना गाडी बघायला आलोय, असं तरी म्हणता यायचं.